उभा धागा

सकाळच्या बाजाराच्या बातम्यांत ‘निक्केई वधारला’, ‘निक्केई गडगडला’ हे रोज कानावर पडतं. त्यातला ‘नि’ निहोनचा, म्हणजे जपानचा. आणि ‘केई’ हे एक चिनी अक्षर, ‘केइझाइ’ म्हणजे अर्थव्यवस्था या शब्दातलं पहिलं. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात सर्वधर्म प्रार्थनेत ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र म्हणतात. त्याच्या शेवटी येणारा ‘क्यो’ म्हणजे हेच अक्षर. आणि शांघायच्या रस्त्यावर कुणी अंगावर स्कूटर घातली तर समोरचा ‘शन्‌जिंगबिंग!’ म्हणून खेकसतो, म्हणजे ‘डोकं फिरलंय का?’. त्यातला मधला ‘जिंग’, तोही हाच.

चीनमध्ये उच्चार जिंग, जपानमध्ये कधी केइ तर कधी क्यो. मी पुण्यात जपानी दुभाषाचं काम करते. चिनी नंतर शिकले, ते कामापुरतं येतं. या धंद्यात येणारा प्रत्येक नवा माणूस ऐकून आलेला असतो की ही अक्षरं म्हणजे चित्रं, एकदा चित्र ओळखू आलं की चिनी काय न् जपानी काय, अर्थ आपोआप लागतो. मला हे कधी पटलं नाही. चित्र एकच असतं, पण त्याला कामाला कोण लावतं आणि कुठल्या अडचणीत लावतं, त्यावर अर्थ ठरतो. या अक्षरात ते जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्या अक्षरात मला तरी दिसलेलं नाही.

आधी त्याचं रूप. डावीकडे रेशमाच्या पिळलेल्या लडीचं चिन्ह; धाग्यादोऱ्याशी संबंध असलेल्या बहुतेक अक्षरांत ते डाव्या अंगाला असतंच. उजवीकडे वर एक आडवी रेघ, तिच्याखाली शेजारी शेजारी तीन नागमोडी रेघा, आणि तळाला दोन आडव्या रेघांना जोडणारी एक उभी. एकूण 13 फटकारे. तैवान आणि हाँगकाँगमध्ये आजही असंच लिहितात. चीननं 1956च्या सुधारणेत ते 8 फटकाऱ्यांवर आणलं. जपाननं त्याआधीच, 1949 साली, 11वर आणलं होतं, पण आपल्या पद्धतीनं. चिनी रूपात उजवीकडे खाली ‘काम’ या अर्थाचं चिन्ह राहिलं, जपानी रूपात त्या जागी ‘माती’ आली. दोघांनीही छाटल्या त्या तीन नागमोडी रेघा, म्हणजे नेमके धागे. संगणकाच्या हिशेबी आज ही तीन निराळी अक्षरं आहेत, तिघांचे संकेतांक वेगवेगळे. जपानी रूप टंकून साधा शोध घेतला तर चिनी मजकुरातलं तेच अक्षर सापडत नाही.

इसवी सन 100च्या सुमारास शू शन नावाच्या पंडितानं चिनी अक्षरांचा पहिला मोठा कोश रचला. त्यात या अक्षरापुढे एवढंच आहे: विणणे. उजव्या अर्ध्या भागाचा अर्थ मात्र त्यानं ‘जमिनीखालचा पाण्याचा झरा’ असा दिला. त्याच्याआधी हजारेक वर्षांपूर्वीची काशाची भांडी विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी पुन्हा वाचायला घेतली, तेव्हा गुओ मोरुओनं सांगितलं की हा झरा वगैरे काही नाही, हा माग आहे, आणि त्यावर ताणलेले उभे धागे आहेत. डावीकडची लड मागाहून जोडली गेली. मूळ अक्षर म्हणजे नुसता ताणा. हा अर्धा भाग ज्या इतर अक्षरांत शिरला त्यांची नावं एका ओळीत वाचली की गुओचं म्हणणं पटतं: रोपाचा देठ, मान, नडगी, पायवाट. सगळं लांब आणि सरळ.

तेव्हा या अक्षराचा माग काढायचा तर मागापासूनच सुरुवात करायला हवी. माझं माहेर इचलकरंजीचं. तिथं सायझिंगमधून बीम येतो, म्हणजे खळ दिलेले हजारो उभे धागे गुंडाळलेला रूळ. तो मागावर चालायच्या आधी वहिफणीचं काम असतं. एकजण धाग्यांमागे बसून एकेक तार सुटी करून पुढं करतो, दुसरा समोरून आकडी घालून ती वहीच्या, म्हणजे धागे वरखाली करणाऱ्या तारांच्या, डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओढून घेतो. बोलणं नाही, मान वर करणं नाही, कारण एक तार चुकली की कापडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ पडते. एवढं झाल्यावर मग धोटा सुरू. बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, कांडी संपली तर दुसरी भरता येते, रंग पालटायचा तर मधेच पालटता येतो. ताण्याला ती सवलत नाही. तो आधी ठरतो आणि बीम संपेपर्यंत तोच राहतो.

आधी ठरलेला आणि न पालटणारा, ही त्याची एक बाजू. या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार जाणारा, ही दुसरी. पुढच्या अडीच-तीन हजार वर्षांत लोकांनी या अक्षरातून जे जे काढलं ते या दोन बाजूंमधूनच.

चीनच्या जुन्या ग्रंथांत राजधानी कशी आखावी याचं वर्णन आहे: नऊ ताणे, नऊ बाणे. म्हणजे नऊ रस्ते उत्तर-दक्षिण आणि नऊ पूर्व-पश्चिम. पृथ्वीच्या नकाशावर रेघा मारायची वेळ आली तेव्हा शब्द तयारच होता. आपल्याकडे रेखांश-अक्षांश, त्यांच्याकडे ताण्याचे अंश आणि बाण्याचे अंश. चिनी आणि जपानी दोघांतही तेच. एकच शहर या शिस्तीला अपवाद म्हणून मला ठाऊक आहे, शान्‌दोंग प्रांतातलं जिनान. तिथं 1904 साली व्यापारासाठी नवी वसाहत आखली, तिच्या रस्त्यांना ‘ताणा क्रमांक एक’, ‘बाणा क्रमांक एक’ अशी नावं आहेत, पण उलटी! ताण्याचे रस्ते पूर्व-पश्चिम जातात. तिथले लोक सांगतात की वसाहत पूर्व-पश्चिम लांब आणि उत्तर-दक्षिण अरुंद, आणि कापडात लांब जातो तो ताणा. तेव्हा भूगोलवाल्यांनी काहीही म्हणावं, विणकराचं बरोबर. मला हे कारण फार आवडतं, मग ते नंतर जुळवलेलं का असेना.

‘न पालटणारा’ या बाजूनं चीननं जो सगळ्यात मोठा अर्थ काढला तो म्हणजे ग्रंथ. साधं पुस्तक नव्हे, ज्याच्यावर बाकी सगळं विणायचं असा ग्रंथ. इ.स.पू. 136 मध्ये हान सम्राट वू यानं पाच ‘जिंग’ नेमून दिले आणि प्रत्येकासाठी दरबारी अध्यापक ठेवले. काव्यांचा जिंग, स्थित्यंतरांचा जिंग, असे. पुढे वाढत वाढत हे तेरा झाले. आणि ताणा आला म्हणजे बाणा आलाच! इसवी सनाच्या आगेमागे ‘बाणा-ग्रंथ’ नावाचा प्रकार निघाला. आम्ही मूळ ग्रंथांतली गुपितं उलगडून सांगतो असा त्यांचा दावा, आणि आत सगळी भाकितं, शकुन, पुढचा राजा कोण होणार याच्या खुणा. राजांना हे कुठून परवडायला. पुन्हा पुन्हा बंदी आली आणि त्यातलं बरंचसं नष्ट झालं. ताणा-ग्रंथ मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सरकारी परीक्षांना लागत राहिले.

मान मिळाला की त्या नावाची नक्कल होतेच. आठव्या शतकात लू यूनं चहावर पुस्तक लिहिलं, पाणी कुठलं घ्यावं, पानं कशी भाजावीत, आणि नाव ठेवलं ‘चहाचा जिंग’. आज चिनीत ‘धंद्याचा जिंग’ असा शब्दच आहे, म्हणजे दुकानदारीतल्या खाचाखोचा. हेच अक्षर कन्फ्यूशियसच्या संवादांत एका ठिकाणी गळफास घेण्यासाठी आलंय. धागा तो धागाच, पुस्तक बांधा नाहीतर गळ्याला बांधा.

इथपर्यंत घरचा कारभार होता. दुसऱ्या शतकात लोयांगमध्ये बौद्ध भिक्षू भाषांतरं करायला बसले, तेव्हा त्यांच्यापुढे आपला शब्द आला: सूत्र. त्याला चिनीत म्हणायचं काय? काहींनी नुसता उच्चार उतरवला, ‘शिउदुओलुओ’. तो काही रुळला नाही. रुळला जिंग. आपल्याकडच्या माणसाला हे वाचून भरून येतं: त्यांचा धागा आणि आपला धागा कसे एकमेकांना सापडले! मी मात्र इथं जरा हात आखडता घेते. जिंग निवडला गेला तो बहुधा धाग्यासाठी नव्हे, मानासाठी. परक्या धर्माची पोथी कन्फ्यूशियसच्या ग्रंथांच्या पंगतीला बसवायची तर पाटावर नाव तेच हवं. आणि गंमत अशी की पालीतला ‘सुत्त’ मुळात ‘सूत्र’पासून आला की ‘सूक्त’पासून, म्हणजे ‘चांगलं बोललेलं’पासून, याबद्दल अभ्यासकांचंच एकमत नाही. काहींच्या मते नंतरच्या संस्कृत पंडितांनी तो सूत्र धरला. तसं असेल तर धाग्याला धागा भेटल्याची ही कथा म्हणजे अक्षरशः सुतावरून गाठलेला स्वर्ग.

पण एकदा भेट झाली ती कायमची. कुमारजीवानं 406 साली ‘सद्धर्मपुंडरीक सूत्र’ चिनीत आणलं, वज्रच्छेदिकाही आणली. त्याच वज्रच्छेदिकेची 868 साली ठशांनी छापलेली गुंडाळी डुनह्वांगच्या लेण्यात सापडली. तारीख छापलेलं याहून जुनं अखंड पुस्तक अजून मिळालेलं नाही. आणि सातव्या शतकात युआन श्वांग. तो आपल्या शाळेच्या पुस्तकातला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेलेला. त्यानं या मुलखाचं नाव ‘मो-ह-ला-छा’ असं उतरवलं आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत न् अपमानही विसरत नाहीत असं नोंदवलं. डोंगराच्या कुशीतल्या ज्या विहाराचं तो वर्णन करतो तो अजिंठाच असं मानलं जातं. हे सगळं आपण ‘महाराष्ट्राचं जुनं वर्णन’ म्हणून पाठ केलं. त्याला मात्र महाराष्ट्र वाटेत लागला होता, आला होता तो जिंग न्यायला. 645 साली तो साडेसहाशेवर ग्रंथ घेऊन परतला.

त्या प्रवासाची कहाणी चीनमध्ये इतकी खोल मुरली की ‘जिंग आणायला जाणं’ हा वाक्प्रचार झाला. अर्थ: दुसऱ्याचं काम बघून शिकून येणं. एका जिल्ह्याचे अधिकारी दुसऱ्या जिल्ह्याचा कचरा प्रकल्प बघायला बसनं निघाले तरी बातमीत ‘जिंग आणायला गेले’ असं येतं. आपल्याकडे अशा दौऱ्याला अभ्यासदौरा म्हणतात, आणि त्यात अभ्यास किती नि दौरा किती हे ज्याचं त्याला माहीत. चिनी शब्दातही ती मिश्कील छटा चालते. पोथीवरून निघालेली आणखी एक म्हण आहे. ‘प्रत्येक घरात एक म्हणायला अवघड जिंग असतो.’ बाहेरून सगळं आलबेल दिसलं तरी आत प्रत्येकाची काही ना काही कटकट चालू. आपण चुलीवर गेलो, ते पोथीवर.

जपानला हे अक्षर दोनदा मिळालं. पाचव्या-सहाव्या शतकात कोरियामार्गे बौद्ध धर्माच्या सोबत आलं तेव्हाचा उच्चार क्यो. पुढे सातव्या ते नवव्या शतकात जपानचे दूत आणि भिक्षू थेट थांग राजधानीत जाऊन राहिले, ते तिथला ताजा उच्चार घेऊन आले, केइ. दुसरी एखादी भाषा असती तर नव्यानं जुन्याला हुसकून लावलं असतं. जपान्यांनी दोन्ही ठेवले आणि कामं वाटून दिली. देवळात क्यो, कचेरीत केइ. पोथी म्हणजे ‘ओक्यो’, अर्थव्यवस्था म्हणजे केइझाइ. तेराव्या शतकात निचिरेन या जपानी भिक्षूनं सद्धर्मपुंडरीकाचं नुसतं नाव जपायला सांगितलं, ‘नामु म्योहो रेंगे क्यो’. यातला ‘नामु’ म्हणजे आपलं ‘नमो’. मूळच्या ‘नमो... सूत्र’मधला नमो बाराशे वर्षांनीही ओळखू येतो, सूत्राचा मात्र क्यो झाला. निचिरेन परंपरेतला भिक्षू निचिदात्सु फुजिई 1931 साली भारतात आला, 1933 साली वर्ध्याला गांधीजींना भेटला, आणि त्याच्यामार्फत ही ओळ आश्रमाच्या भजनावलीत गेली.

नाराच्या याकुशिजी देवळात मी एकदा पोथी उतरवायला बसले होते. तिथं कुणीही जाऊन बसू शकतं. आत शिरताना एक लवंग देतात, ती तोंडात धरायची. उंबऱ्याशी हत्तीच्या आकाराचं धूपपात्र ठेवलेलं, ते ओलांडून जायचं, म्हणजे अंगाला धूप लागतो. मग बैठ्या मेजावर नमुना अंथरलेला, त्यावर पातळ कागद, आणि खालून दिसणारी अक्षरं कुंचल्यानं गिरवत जायची. प्रज्ञापारमिता हृदय सूत्र, अडीचशेच्या वर अक्षरं. लवंग सावकाश नरम होत जाते आणि जिभेचं टोक बधिर. याकुशिजीचा मुख्य मंडप सोळाव्या शतकात जळाला होता. ताकादा कोइन या मठाधिपतीनं 1968 पासून लोकांना या पोथ्या उतरवायला लावल्या, प्रत्येक प्रतीमागे हजार येन दक्षिणा, लक्ष्य दहा लाख प्रती. आणि 1976 मध्ये मंडप उभा राहिला. एवढा मोठा निधी पावतीपुस्तकाऐवजी हस्ताक्षरावर उभा करायची कल्पना मला व्यवहार म्हणूनही अफाट वाटते. क्यो आणि केइ इतके जवळ क्वचित येत असतील.

आता त्या शिवीकडे. 1771च्या वसंतात सुगिता गेन्पाकु आणि मायेनो र्‍योताकु हे वैद्य एदो, म्हणजे आजच्या तोक्यो, शहराबाहेरच्या वधस्थळी गेले. देहदंड दिलेल्या एका म्हातारीचं शव उघडलं जात होतं आणि या दोघांकडे शरीररचनेचं एक डच पुस्तक होतं. आतली प्रत्येक गोष्ट पुस्तकातल्या चित्रासारखी, आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या चिनी तक्त्यांहून निराळी. परतीच्या वाटेवरच त्यांनी ठरवलं की हे पुस्तक भाषांतरित करायचं. डच यथातथाच, धड शब्दकोश हाताशी नाही. 1774 साली पुस्तक निघालं. त्यात ‘झेन्यू’ या डच शब्दाशी ते अडले. मज्जातंतू ही वस्तू चिनी वैद्यकात नव्हतीच. तिथं होत्या त्या अंगभर उभ्या धावणाऱ्या नाड्या, ज्यांच्या नावात हे ताण्याचं अक्षर असतं, आणि होतं ‘शिन्कि’ म्हणजे चैतन्य. सुगितानं त्यातलं एक न् यातलं एक घेऊन शब्द बनवला, शिनकेइ. चैतन्याचा ताणा.

हा शब्द जपानीत सरळमार्गी निघाला. ‘उंदो शिनकेइ’, हालचालीची शिनकेइ, चांगली आहे म्हणजे मुलगा खेळात चपळ. शिनकेइ नसलेला म्हणजे ज्याला दुसऱ्याच्या मनाचं काही कळत नाही असा. चीननं हा शब्द आधुनिक वैद्यकाबरोबर जपानकडून घेतला, त्याला आपला उच्चार दिला, मागे ‘रोग’ जोडला, आणि वैद्यकातला शब्द बाजारात येऊन शिवी झाला. कोरड्या शास्त्रीय शब्दाचं हे नशीब आपल्याला नवं नाही. ‘मेंटल’ची आपण काय गत केली ते आठवावं.

केइझाइची गोष्टही परतीच्या प्रवासाची, पण तिच्यात जास्त माणसं आहेत. ‘जगाला वळण लावावं, रयतेला तारावं’ असं एक जुनं चिनी चार अक्षरी वचन, त्याचा दोन अक्षरी संक्षेप हा शब्द. यात पैसा कुठंच नाही. हा राजधर्म. जपानमध्ये दाझाइ शुंदाइनं 1729 साली या नावाचा ग्रंथ लिहिला तोही राज्यकारभारावरच. मग एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य अर्थशास्त्र आलं आणि नाव हवं झालं, तेव्हा जपान्यांनी हाच जुना शब्द त्याला लावला. फुकुझावा युकिचीची आख्यायिका जपानमध्ये सगळ्यांना पाठ असते: 1868च्या जुलैत एदोच्या उएनो टेकडीवर तोफा धडधडत होत्या, जुन्या राजवटीचे पाठीराखे लढत होते, आणि हा दोनेक कोसांवरच्या आपल्या शाळेत वेलंड नावाच्या अमेरिकन लेखकाचं अर्थशास्त्र शिकवत होता. धूर दिसत होता, तास चालू. ती शाळा म्हणजे आजचं केइओ विद्यापीठ, आणि तिथं अजून तो दिवस पाळतात.

चीनला हे नाव सहजी गळी उतरलं नाही, आणि त्यांचा आक्षेप बरोबर होता. ॲडम स्मिथ चिनीत आणणाऱ्या यान फूनं विसाव्या शतकाच्या तोंडावर लिहिलं की हा शब्द फार सैल, ‘पैशाची व्यवस्था’ म्हणावं तर तो फार कोता. म्हणून त्यानं आपला ‘हिशेबशास्त्र’ असा शब्द घडवला. 1903 साली छिंग दरबारानं याच नावाची खास परीक्षा घेतली, त्यात अभिप्रेत होती ती मुत्सद्देगिरी. म्हणजे तोपर्यंत चीनमध्ये जुना अर्थ धडधाकट जिवंत होता. पण जपानला शिकायला गेलेली हजारो चिनी मुलं पुस्तकं घेऊन परतत होती, आणि त्या पुस्तकांत नवा अर्थ छापलेला होता. यान फूचा शब्द मागे पडला. आज बीजिंगच्या विमानात मागच्या स्वस्त डब्याला जे नाव आहे ते ‘रयतेला तारावं’ या वचनाचं. पंधराएक वर्षांपूर्वी चिनी इंटरनेटवर स्थळं बघणाऱ्या मुलींनी त्याच शब्दाला धरून नवऱ्यांचा एक वर्ग पाडला होता: फार श्रीमंत नाही, दिसायला बरा, घरी वेळेवर येणारा. ‘किफायतशीर नवरा’. यान फूला सैल वाटलेला शब्द किती ताणता येतो बघा.

ही सगळी ठसठशीत, नाव घेण्यासारखी माणसं झाली. पण चिनी भाषेत हे अक्षर सर्वाधिक वेळा दिसतं ते पार झिजलेल्या रूपात. ‘यीजिंग’ म्हणजे आधीच. ‘जिंगछांग’ म्हणजे नेहमी. ‘त्संगजिंग’ म्हणजे कधी काळी. चिनी शिकणाऱ्याला ग्रंथ, सूत्र, ताणा वगैरे कळायच्या फार आधी ‘मी आधीच जेवलो’ या वाक्यात हे अक्षर भेटतं. ही आरपार जाण्याची बाजू: जे पार पडून गेलं ते. जपानीत तिच्यापासून क्रियापद झालं, ‘हेरु’, म्हणजे मधून जाणं, काळ ओलांडणं. ‘बँकॉकमार्गे’ म्हणताना जपानी माणूस याच अक्षरानं ‘मार्गे’ लिहितो. अनुभव दोघांकडेही यानंच लिहितात, आणि बाईची पाळीही; तिथं त्याच्या अलीकडे ‘महिना’. नियमित येणारी म्हणून आपण तिला पाळी म्हणतो, त्यांनी ताणा म्हटलं.

मला हे अक्षर भेटतं ते व्हिजिटिंग कार्डावर. चाकणच्या एका कारखान्यात जपानी गिऱ्हाईक आणि चिनी पुरवठादार समोरासमोर बसले होते, इंग्रजी दोघांचंही बेताचं. चिनी गृहस्थांच्या कार्डावर हुद्दा होता ‘जिंगली’. चिनीत जिंगली म्हणजे मॅनेजर. ‘मुख्य’ जोडलं की जनरल मॅनेजर. जपानीत तीच दोन अक्षरं ‘केइरि’ वाचतात आणि त्याचा अर्थ जमाखर्च खातं. जपानी साहेबांनी कार्ड दोन्ही हातांत धरून वाचलं, मान हलवली, आणि मागच्या दोन बिलांच्या तारखांबद्दल अत्यंत अदबीनं विचारपूस सुरू केली. चिनी साहेब साच्यांच्या तपशिलांचं बाड उघडून बसलेले. अक्षरं ओळखीची होती म्हणूनच घोळ झाला. अरबी लिहिलेलं असतं तर जपानी साहेबांनी आधी विचारलं असतं. चित्र ओळखू आलं की अर्थ लागतो म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा सांगते.

आणि दुसरी जागा म्हणजे तक्रारीचा अहवाल. सदोष माल गेला की जपानी गिऱ्हाईक ठरावीक नमुन्यात खुलासा मागतं. त्यात वरचाच रकाना असतो तो ताणा आणि बाणा ही दोन अक्षरं शेजारी शेजारी ठेवून लिहिलेला. कागदावर वाचताना ‘केइइ’, बोलताना त्याच अक्षरांना ‘इकिसात्सु’ म्हणतात. अर्थ असा की प्रकरण कसकसं घडत गेलं. चिनीत ही जोडी नकाशावर जास्त भेटते, जपानी ऑफिसात माफीपत्रात. आमच्याकडची इंजिनियर मुलं हुशार आहेत. रकाना बघितला की पहिल्याच ओळीत कारण लिहून मोकळी होतात, ‘ऑपरेटरकडून चुकीचं सेटिंग’. तो अहवाल दुसऱ्या दिवशी परत येतो. मी त्यांना म्हणते, अरे, इथं कारण नको आहे, माफीही नको. सोमवारी सकाळी कोणती बॅच लागली, पाळी कधी बदलली, कुणी कुणाला फोन केला, तेवढंच तारीखवार लिही. कारणाला खाली वेगळा रकाना आहे.